सात बोटांची सीट

वडूजच्या दवाखान्यातली नर्स शालूबाई आठ दिवस उभ्यानं जेवत होती. भाकरी डाव्या तळहातावर, कालवणाची वाटी फळीवर, आणि ती दाराला टेकून. शेजारीण विचारायची, "बाई, कुठं गडबडीनं निघालाय?" त्यावर ती नुसती मान हलवायची. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. ते होतं सायकलची सीट.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवरच्या मोटारी धापा टाकत यायच्या आणि चढ आला की उतारूंनाच ढकलायला लावायच्या. त्यामुळं चव्वेचाळीस साली दवाखान्याला एक सायकल मिळाली, ती खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणांसाठी शालूबाईकडं आली. तिला सायकल येत होती. एकोणिसाव्या वर्षी नवरा वारला, तेव्हा भावानं तिला सांगलीला नेऊन नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं होतं. तिथंच नदीकाठच्या मळीच्या मोकळ्या रानात भावाची सायकल घेऊन, गुडघे फोडून घेत आणि बघ्यांची बोलणी खात ती शिकली. आता अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःच्या हाताखाली सायकल आली, तर तिनं ती पदरानं पुसली होती.

पण ती सीट म्हणजे छळ होता. अरुंद, वाळक्या कोयीसारखी कडक, आणि नाक वर काढून बसलेली. पहिल्या दिवशी दुखलं, दुसऱ्या दिवशी सोललं, तिसऱ्या दिवसापासून शालूबाई गावाबाहेर पडेपर्यंत सायकलवर आणि पुढं सायकल हातात धरून चालत जाऊ लागली.

हे कंपाउंडर नाथाजीनं हेरलं. त्याचा मळा गावापासून तीन मैलांवर होता आणि त्याला रोज संध्याकाळी तिथं चक्कर टाकायला सायकल हवीच होती. तो मुद्दाम स्टूल पुढं सरकवायचा. "बसा की बाई. दमला असाल." एवढं करून त्यानं डॉक्टरांच्या कानावर घातलं की बाईमाणसाला सायकल झेपत न्हाई. डॉक्टर म्हणाले, "शालूबाई, सोमवारपर्यंत बघा. नाहीतर सायकल नाथाजीकडे द्या, लसी टोचायला जाईल तो."

त्याच दिवशी ती बाजारपेठेत रमजानच्या दुकानात गेली. रमजान पन्नाशीचा, हातानं कसबी आणि तोंडानं लाजरा माणूस. पंक्चर काढत बसला होता.

"चाचा, सीट बदलायची."

"का वो बाई?"

"तरास होतोय."

रमजाननं हातातल्या ट्यूबकडं बघत विचारलं, "कुठं?"

शालूबाईनं छपराच्या पत्र्याकडं बघितलं. "सीटवर."

"सीटवर म्हंजी... पुढल्या अंगाला का मागल्या?"

"मधी."

यावर घमेल्यातल्या पाण्यात एक बुडबुडा तेवढा फुटला. शालूबाईला स्वतःचाच राग आला. दुसऱ्या बायकांच्या देहाबद्दल ती पाटलासमोरसुद्धा बिनदिक्कत बोलायची, आणि स्वतःची वेळ आली तर तोंडाला कुलूप! रमजाननं आणखी काही विचारलं नाही. कुणा मडमेच्या सायकलची एक जुनी सीट त्यानं काढली. रुंद, गुबगुबीत, खाली दोन जाड स्प्रिंगा. ती बसवून दिली आणि घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी गुरसाळ्याहून बोलावणं आलं. मऊ सीटवर शालूबाई ऐटीत निघाली. स्प्रिंगा अशा कुंईकुंई करू लागल्या, की पहिल्या वस्तीपासून तीन कुत्री मागं लागली. सीट एवढी रुंद, की पायडल मारताना मांड्या दोन्हीकडून घासायच्या. मऊपणामुळं ती खोल रुतायची आणि नेमकं सोललेलंच दाबलं जायचं. पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाळंतीण हरणाबाई, पहिलटकरीण. सासू अंबूबाईनं पाट मांडला. "बसा बाई, अजून येळ हाय."

"नको. उभीच बरी."

थोड्या वेळानं अंबूबाईनं घोंगडी टाकली. "आता तरी टेका."

"नको म्हटलं ना."

अंबूबाईचा चेहरा उतरला. ती हळूच बाहेर अंगणात गेली आणि जमलेल्या भाऊबंदांना म्हणाली, "नर्सबाई बसंना."

"म्हंजी?" सासरा आकाराम उठून उभा राहिला.

"म्हंजी काय! कायतरी अवघड हाय. एवढी शिकल्याली बाई, पर खाली टेकंना."

आकारामनं तिथल्या तिथं म्हसवडच्या सिद्धनाथाला बकरं बोललं. चुलत्यानं आणखी एक बोललं. बायकांनी पदर तोंडाला लावले आणि एकीनं सूर धरल्यावर बाकीच्यांनी तो उचलला. आत हरणाबाईच्या कानावर ते रडणं गेलं, तशी ती किंचाळली, "मी मरतिया! मला कुणी सांगंना!" आणि तिनं कळ द्यायचीच सोडून दिली.

शालूबाई तरातरा बाहेर आली. "कोण मेलंय इथं?"

"आवं, तुमी बसंनासा..." आकारामनं हात जोडले. "काय आसंल ते खरं सांगा बाई. आमी मन घट केलंय."

"माझं बूड सोललंय, म्हणून मी बसंना!" शालूबाई ओरडली. "सायकलच्या सीटनं सोललंय! तुमच्या सुनेला काय धाड भरली न्हाई!"

अंगणात सोळा माणसं होती. बायकांचे पदर तोंडावरून खाली आले. मग आतून खुदकन आवाज आला. हरणाबाई हसत होती. पोट धरून, घामानं निथळत, कण्हत हसत होती. त्या हसण्यातच पुढची कळ आली, शालूबाई धावली, आणि घटकाभरात मुलगी झाली. चांगली ठणठणीत, काळ्याभोर जावळाची.

परतताना शालूबाई सगळी वाट चालली, पण तिला फार हलकं वाटत होतं. सोळा माणसांपुढं बोलून झालं होतं. आता उरलं काय लाजायचं? ती तडक दुकानात शिरली.

"चाचा, बूड सोललंय. दोन्ही सीटनं. आता बघा काय करायचं ते."

रमजानच्या हातातला पाना खाली पडला. त्यानं मागच्या पडद्याकडं तोंड करून हाक मारली, "अख्तर!"

अख्तरबी म्हणजे रमजानची बायको. त्याच्या वाट्याचं बोलणंही तीच बोलायची. तिनं शालूबाईला हाताला धरून आत नेलं आणि सगळं ऐकून घेतलं. परसात नव्या चुलीसाठी माती कालवून ठेवली होती. तिनं त्यातला मोठा गोळा पाटावर थापला, वर ओलं फडकं टाकलं. "बस हितं."

"चाची, यावर?"

"चूल उद्या करीन. बस."

शालूबाई दातओठ खात बसली आणि उठली. फडकं काढलं तर मातीत दोन खळगे. अख्तरबीनं वाकून एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बोटं मोजली आणि पडद्यापलीकडं ठणकावलं, "सात बोटं! ऐकलं का? नर्सबाईची सात बोटं!"

बाजाराचा दिवस होता. समोरचा मिरचीवाला तागडी धरून तसाच थांबला.

मग अख्तरबीची नजर शालूबाईच्या काष्ट्यावर गेली. "आनि हे येवढं बोचकं खाली घिऊन बसतीस व्हय? सोलंल न्हाईतर काय हुईल!" तिनं स्वतःची एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली इजार काढून दिली. "आतनं घाल. आनि निऱ्या पसरून खोव, गठ्ठा करू नगं."

माप हातात आल्यावर रमजानची जीभ मोकळी झाली. मापावर तो बोलू शकायचा. "बाई, चूक माझीच झाली. मऊ शीट म्हंजी सुख, आसं लोकांना वाटतंय. पर मास रुतलं की दुकतंय. हाडं टेकाय पायजेत. ही दोन हाडं चामड्यावर नीट टेकली, की बाकीच्याला काय वजन येत न्हाई."

त्यानं एक लष्करातली सीट काढली. रुंदी बरोबर होती, पण चामडं बसून मधोमध खोल गेलं होतं.

"परक्या शिपायाच्या खड्ड्यात बसवताय व्हय तिला?" आतून आवाज आला.

रमजाननं ती परत ठेवली. थोडा वेळ डोकं खाजवलं. मग फळीवरून कागदात गुंडाळलेली एक पुडी काढली. लढाईच्या आधी आलेली कोरी सीट, घट्ट चामड्याची, स्वतःच्या सायकलीसाठी जपून ठेवलेली. बोटं लावून बघितलं. दोन्हीकडं एकेक बोट सुटत होतं.

"हीच," तो म्हणाला.

त्यानं चामड्याला खालच्या बाजूनं एरंडेल चोळलं, उन्हात धरलं, पुन्हा चोळलं. सीट बसवून शालूबाईला भिंतीला धरून वर बसवलं आणि टाच खालच्या पायडलावर ठेवायला सांगितलं. गुडघा वाकला, तशी सीट बोटभर वर घेतली. नाक खाली केलं तर ती पुढं घसरू लागली, हातांवर भार आला. मग पार सपाट केली. "पानी ठेवलं तर कुनीकडं वाहू नये आशी." शेवटी चामडं ताणायला नाकाखालचा नट पाव आटा पिळला. "पंधरा दिस ही तुमाला शिव्या दील. मग तुमची हुईल."

शिव्या सीटनं दिल्याच. पण त्या चामड्याच्या शिव्या होत्या, जखमेच्या नव्हत्या. रविवारी शालूबाई कातरखटावला जाऊन आली. सोमवारी डॉक्टरांसमोर उभी राहिली तेव्हा पांढऱ्या लुगड्यावर मागं एरंडेलाचे दोन तपकिरी गोल उठले होते. तिला ते ठाऊक नव्हतं.

नाथाजीनं खोकल्यासारखं केलं. "बाई, मागं कायतरी लागलंय."

शालूबाईनं मान वळवून बघितलं. "व्हय. तेल हाय. मधलं अंतर सात बोटं. तुमाला मोजाय मात्र देनार न्हाई."

नाथाजी बाटल्यांच्या कपाटात तोंड खुपसून बसला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि विचारलं, "कातरखटावला काय झालं?"

"मुलगा. आई बरी हाय. जाऊन-येऊन सायकलवरनं, एकदाही उतरले न्हाई."

"मग सायकल राहू दे तुमच्याकडं," डॉक्टर म्हणाले आणि पुढचा रोगी बोलावला.

महिन्याभरानं एका दुपारी ती अख्तरबीला इजार परत द्यायला गेली. अख्तरबीनं इजार घेतली नाही. "ऱ्हाऊ दे तुला. मला दुसरं कायतरी पायजे."

"काय, चाची?"

"मला बसव तिच्यावर."

दुकानातून रमजान म्हणाला, "या अल्ला! पंचेचाळिशी झाली तुजी. लोक काय म्हनतील?"

"लोकांचं तोंड दिसायच्या आत मी पुढं जाईन," अख्तरबी म्हणाली आणि लुगड्याचा पदर खोचून निघालीच. मागच्या खळ्यावर दुपारचं कुणी नव्हतं. शालूबाईनं सायकल धरली, अख्तरबी चढली, पाय लोंबकळत राहिले. शालूबाईनं ढकललं. सायकल खळ्यावरून वाकडीतिकडी पळाली, अख्तरबीनं एकदा खुदाचं आणि तीनदा रमजानचं नाव घेतलं, आणि समोरच्या कडब्याच्या गंजीत ती सायकलसकट शिरली.

रमजान धावत आला. कडब्यातून आधी एक हात बाहेर आला, मग डोकं. केसांत काड्या, तोंडभर हसू.

"बघत काय हुबं ऱ्हायलाय?" ती म्हणाली. "पाय पुरत न्हाईत. शीट खाली घ्या."

रमजाननं एकदा इकडंतिकडं बघितलं. मग कमरेचा पाना काढला आणि खाली बसून नट सैल करू लागला.