मावशींचा लाडका हात

प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे झाडणाऱ्या मावशींना एक खोड होती. भुसा बदलताना त्या प्रत्येक उंदराच्या पाठीवरून हात फिरवायच्या. आणि प्रयोग होता भीतीचा! उंदीर घाबरवायचे, मग त्यांचा मेंदू तपासायचा. पण चाळीसच्या चाळीस उंदीर काही केल्या घाबरेनात. शेवटी प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कॅमेऱ्यात हे लाड पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, सगळे वाया घालवलेत. आता हे कामाचे नाहीत."

"मग सोडणार यांना?" मावशींचा जीव भांड्यात पडला.

"सोडतात कुठे? आजच मारायचे. तुम्हीच एकेक आणून द्या, तुमच्या हातात निमूट बसतात."

मावशींनी पहिलं दार उघडलं. उंदीर आपणहून तळहातावर चढला.