एक जादा ऋकार

कानामात्रानं पाकिटांचा गठ्ठा टेबलावर उपडा केला आणि पट्टीनं एकेक फोडायला घेतलं. मासिकाची मुद्रितं तपासणाऱ्या या माणसाला खरं नावही आहे, हे तिथं सगळे विसरले होते.

वाचकांनी आजवरची सर्वश्रेष्ठ अद्भुतकथा निवडायची होती. कूपनवर छापायचं होतं, ‘आपले मत या चौकटीत लिहा’. छापलं गेलं, ‘आपले मृत या चौकटीत लिहा’. आणि वाचक पडले आज्ञाधारक. अद्भुतकथांचाच काहीतरी खेळ असेल म्हणून त्यांनी लिहिलं. थोरला भाऊ. शेजारच्या काकू. ‘जुळ्या मुली, नावं ठेवली नव्हती.’ चारशे कूपनांत कथांची नावं मोजून एकवीस.

संपादक बाई समोर बसून कूपनं लावत होत्या. पहिल्या दिवशी त्या हसल्या होत्या. आता हसत नव्हत्या.

“नजरचुकीनं राहिलं म्हणता?”

“वय झालं, बाई. डोळे साथ देत नाहीत.”

“डोळे ठणठणीत आहेत तुमचे. शेपूट तेवढं दिसत नाही.”

तो मान खाली घालून हसला. चूक त्यानंच पेरली होती. सहा वर्षं दर अंकात एक पेरायचा, एकाच वाचकासाठी. लेक लहान होती तेव्हा दोघं लाल पेन्सिली घेऊन पेपरातल्या चुका शोधायचे. आधी गोल करेल तो राजा. मग तिच्या लग्नाच्या पत्रिकेत यानं ‘वरपिता’चा ‘वराहपिता’ करून ठेवला. पाहुणे पोट धरधरून हसले. व्याही जेवले नाहीत. जाताना ती एवढंच म्हणाली होती, “बाबा, गंमत तुमची होते, निस्तरायचं मी.” त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. अंक मात्र तिच्या पत्त्यावर जायचा आणि परत यायचा नाही. एकदा तरी तिनं गोल करून पाठवावा, एवढ्या आशेवर गडी तग धरून होता.

पुढच्या पाकिटामागे तिचा पत्ता होता. अक्षर तिचं नव्हतं. त्यानं कूपन ओढून काढलं. ‘मृत’मधल्या ऋकाराभोवती लाल गोल, आणि समासात खोडायची खूण, त्यानं शिकवली होती अगदी तशी.

“धरलंस की गं,” तो म्हणाला आणि त्यानं मांडीवर थाप मारली. बाईंनी वर पाहिलं.

मग त्याची नजर चौकटीत गेली. निळ्या शाईत, दुसऱ्याच हातानं लिहिलं होतं: ‘माझी पत्नी. लाल पेन्सिल तिची आहे. पाठवायचं म्हणून उशीखाली ठेवलं होतं.’

“कुठल्या कथेला धरू हे?” बाईंनी विचारलं.

त्यानं खिशातून पेन काढलं. खोडलेलं अक्षर तसंच राहू द्यायचं असेल, तर मुद्रितात त्याच्याखाली टिंबं देतात. ऋकाराखाली त्यानं एक टिंब दिलं. दुसरं दिलं. तिसऱ्याला कागद फाटला.