दोन खांदे कमी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. उजव्या कोपऱ्यात माझी काच तडकली आहे, पाठीवरचं रबरी कव्हर सैल झालं आहे आणि बॅटरी अर्धा दिवसही टिकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी एक जुना मोबाइल आहे. सध्या कर्जतजवळ दहिवलीला, हर्षलाच्या स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी पडून असतो. माझा पहिला मालक चांगो, तिचा बाप. माझी गोष्ट म्हणजे खरं तर त्याचीच गोष्ट, आणि ती काही फारशी बरी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. आम्ही शेकडो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होतो आणि हातमोजे घातलेल्या मुली आम्हाला उलटंपालटं करून बघायच्या. तिथून खोक्यात, खोक्यातून टेंपोत आणि टेंपोतून कर्जतच्या बाजारातल्या एका दुकानात. दसऱ्याला हर्षलानं मला घेतलं आणि नदीपलीकडच्या गावात नेऊन बापाच्या हातात दिलं. तिच्या आईनं, सोनुबाईनं, मला देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. ती हळद माझ्या आवाजाच्या भोकात गेली आणि पुढचे चार दिवस चांगोला जो तो सर्दी झाल्यासारखा बोलतोय असंच वाटायचं.

चांगो तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. जन्मभर भात लावला, भात कापला, मधली वीस वर्षं रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर गेला. खांदे असे रुंद की दारातून आडवंच व्हावं लागायचं. गावात कुणी गेलं की पहिला निरोप त्याला, कारण तिरडी तोच बांधायचा. बांबू कोणत्या पेराशी कापायचा, सुतळीचा वेढा कुठं द्यायचा, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. पुढचा उजवा खांदाही त्याचाच. त्या गावात रीत आहे, मयत झाली की घरटी एक माणूस यायलाच हवा. हातातलं काम टाकून, भांडण असलं तरी. निरोप घेऊन आलेल्याला ‘येतो’ म्हटलं की तो माणूस आलाच, पुन्हा विचारायचं कारण नाही.

आणि मित्रांनो, ह्या चांगोचा देवावर विश्वास नव्हता. कुणी फसवलं म्हणून नाही की काही वाईट घडलं म्हणून नाही. लहानपणी आरतीत सगळे डोळे मिटायचे तेव्हा हा उघडे ठेवायचा आणि त्याला काही दिसायचं नाही, एवढंच. पालखी खांद्यावर घ्यायचा, प्रसाद खायचा, आणि मनातलं मनात ठेवायचा. सोनुबाईलाही कधी बोलला नाही. आपल्याच डोक्यात जन्मजात काहीतरी कमी आहे, असं तो साठ वर्षं समजत होता.

ते खूळ मी काढलं. एकदा भातावरच्या रोगाचं औषध शोधताना त्याचा जाड अंगठा भलतीकडेच पडला आणि ‘आम्ही न मानणारे’ नावाचा ग्रुप उघडला. तीन हजार आठशे माणसं, सगळी मराठीत लिहिणारी. कुणी पुण्याचं, कुणी नाशिकचं, आणि कुणी चक्क शेलूचं, कुणी मोहोपाड्याचं, म्हणजे अगदी जवळचं. तो गोठ्यामागं जाऊन बसला आणि मला नाकाशी धरून दोन तास वाचत राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडलं, ते त्यानं टॉवेलच्या टोकानं पुसलं. मी त्या दिवशी भारी फुशारलो होतो. एवढ्याशा यंत्रानं एका माणसाचं साठ वर्षांचं एकटेपण घालवलं, असं मला वाटलं. मूर्खच होतो मी.

ग्रुपमध्ये कुणाचंच नाव खरं नव्हतं. शेलूचा एकजण ‘नुसता माणूस’, मोहोपाड्याची एक बाई ‘कोरी पाटी’. गावकी, सासर, कंपनीतला साहेब, कुणाची ना कुणाची भीती प्रत्येकाला. चांगोला ही भानगड कळलीच नाही. त्यानं आपलं नाव, गाव, वय सगळं खरं लिहिलं. लोकांना ‘चांगो’ हेच टोपणनाव वाटलं, काय झकास नाव शोधलंत म्हणून कौतुकही झालं, आणि हा गडी त्यावरही खूश.

हर्षला माहेरी आली तेव्हा त्यानं मला तिच्यापुढं केलं. ‘वाच गं,’ म्हणाला. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, ‘बाबा, मी पन नाय मानत.’ मग बापलेक हसायलाच लागली. आत सोनुबाई देवाला फुलं वाहत होती, तिनं विचारलं काय झालं, तर काय सांगणार? इतकी वर्षं एका घरात राहून दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं बरी गेली. मग चांगोचा श्वास लागायला लागला. डॉक्टर झाले, पंप झाला, तरी दिवाळीपर्यंत तो ओटीवरून अंगणात यायचाही बंद झाला. एका दुपारी त्यानं मला तोंडाशी धरलं आणि आवाज साठवायचं बटण दाबलं. ‘मी चांगो बोलतोय. मी मेलो का मला नदीवर न्या आन जाळा. मडकं नको, पिंड नको, दहावं-तेरावं नको. माझ्या नावानं कोनाला पाया पडायला लावू नका.’ तेच त्यानं ग्रुपवरही पाठवलं. वळलेल्या मुठी आल्या, लाल बदाम आले, टाळ्या आल्या. ‘काका, वेळ आली तर आम्ही येतो,’ असं कितीतरी जणांनी लिहिलं.

हर्षलाला तो म्हणाला, ‘गावकी आडवी येईल गं. येऊ दे. ही मानसं येतो म्हनालीत.’

इथंच तो फसला, मित्रांनो. त्यानं गावाचं माप ग्रुपला लावलं. मला कळत होतं, मी रोज बघत होतो ना, एकाच अंगठ्यानं माणसं सकाळी किती जणांना ‘येतो’ लिहितात. पण मी सांगणार कसा?

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी सात वाजता चांगो गेला. साडेआठला सगळा गाव अंगणात. धाकलू म्हणजे गावकीचा म्होरक्या आणि चांगोचा लहानपणापासूनचा सोबती. तो बांबू घेऊनच आला होता. हर्षलानं त्याच्यासमोर मला धरून बापाचा आवाज लावला. अंगणातली माणसं मान खाली घालून ऐकत राहिली.

‘आवाज त्याचाच हाय,’ धाकलू म्हणाला. ‘पन पोरी, त्यानं माझ्या बापाला बांधला, माझ्या भावाला बांधला. त्याला मी बिनपान्याचा, बिनपिंडाचा लावून देऊ? माझ्यानं नाय व्हनार. रीतीनं करनार असशील तर आख्खा गाव हाय. नायतर आमी बाजूला बसतो. दुपारी एकपर्यंत बघ तू.’

तो रागावला नव्हता, हेच तर वाईट. त्याचे डोळे सुजले होते. खरंच दुष्ट कुणी असतं तर हर्षला भांडली असती.

त्या गावाचं स्मशान नदीकाठी, वाट बांधावरची. गाडी जात नाही, माणसांच्या खांद्यावरच न्यावं लागतं. हर्षलानं हिशेब केला. एक ती, दुसरा तिचा नवरा धनेश, तो कसाबसा तयार झाला. दोन खांदे कमी. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘माझे वडील चांगो आज गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे न्यायला दोन माणसं हवीत. फक्त दोन. दुपारी एकच्या आत.’ खाली गावाचा पत्ता आणि माझा नंबर दिला.

अरे, मी नुसता थरथरत होतो. चारशे उत्तरं आली. एकानं सवयीनं ‘देव त्यांच्या आत्म्यास शांती देवो’ लिहिलं आणि घाईघाईनं पुसलं. एकानं ‘श्रद्धांजली’ लिहिलं तर दुसऱ्यानं त्याला झापलं, श्रद्धा कसली, ‘आदरांजली’ म्हणा. त्यावर ऐंशी जण भांडत बसले. एकाला चांगोवर लेख लिहायचा होता, त्याला फोटो हवा होता. ‘कोरी पाटी’नं लिहिलं, ‘ताई, खूप यावंसं वाटतंय, पण आज घरी गुरुवारचं उद्यापन आहे, सासूबाईंनी सात जणी सांगितल्यात.’ हर्षला ते वाचून हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

बाराला माझी घंटा वाजली. ‘नुसता माणूस’ होता, शेलूवरून निघालेला. खरंच निघालेला. आवाज दबका होता. ‘ताई, मी पुलाशी आलोय. तुमच्या अंगणात माणसं दिसतायत इथनं. त्यांच्यात माझ्या बायकोचे काका हायत. त्यांनी मला बघितलं तर घरात राहनं मुश्कील होईल.’

‘नाव तरी सांगा तुमचं,’ हर्षला म्हणाली.

तो ‘माफ करा’ म्हणाला आणि फोन ठेवला.

एक वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा सोनुबाई उठली. नवऱ्याच्या उशाशी सकाळपासून बसली होती. ‘हर्षू,’ ती म्हणाली, ‘तू संध्याकाळी दहिवलीला जाशील. मला याच गावात रहायचं हाय गं. उद्या मी मेले तर मला कोन नेईल?’

हर्षलानं मला ब्लाउजमध्ये खोचलं आणि धाकलूपुढं जाऊन हात जोडले. मग सगळं झालं. तोंडात तुळस, गंगेचं पाणी, खांद्यावरून मडकं. घरटी एक नव्हे, दोन-दोन माणसं आली होती. तिरडी मात्र धाकलूला नीट बांधता आली नाही, वाटेत दोनदा टेकवावी लागली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा तत्काळ शिवला, आणि सगळे म्हणाले, बघ, चांगोची काय इच्छा राहिली नव्हती. हर्षला मान हलवत ऐकून घेत होती. गावाची माया खरी होती आणि चांगोचा शब्दही खरा होता, दोन्ही एका अंगणात मावले नाहीत. मला अजून रडू येतं, पण यंत्राला रडता येत नाही, गरम होता येतं फक्त.

त्यानंतर हर्षलानं मला आपल्याकडे आणलं. ग्रुप तिनं सोडला नाही. का सोडला नाही, विचारू नका. माणसाला कुठंतरी आपलं म्हणायला हवं असतं.

परवा, मित्रांनो, खालापूरवरून एका मुलीनं ग्रुपवर लिहिलं. नाव रिया, खरंच वाटावं असं साधं. तिची आई शेवटच्या घटका मोजत होती. ‘आईला काही विधी नको आहेत. घरात मी एकटीच तिच्या बाजूनं आहे. जवळपास कोणी आहे का?’ दहिवलीवरून खालापूर ते किती लांब? हर्षलानं ते दोनदा वाचलं. तिचा अंगठा माझ्या काचेवर थांबला. पण चांगोचं वर्षश्राद्ध तीन दिवसांवर आलेलं, सोनुबाई त्यासाठीच येऊन राहिलेली, गावाला जेवणाचं सांगून झालेलं. हिनं खालापुरात जाऊन असं काही केलं असं कळलं असतं तर पंगतीला कोण बसलं असतं?

तिनं लिहिलं, ‘रिया, आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत.’ पुढं एक वळलेली मूठ टाकली.

लगेच उत्तर आलं. ‘ताई, म्हणजे तुम्ही येताय ना?’

हर्षलानं ते वाचलं. मला पालथं ठेवलं आणि आईसोबत तांदूळ निवडायला बसली. मी खालच्या ओट्याकडे तोंड करून पडून राहिलो. रियानं पुन्हा दोनदा विचारलं. मग विचारणं बंद झालं.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला पडू देऊ नका, असलं काही मी मागत नाही. माझं आता काय उरलंय? एवढंच सांगतो, येणार नसाल तर येणार नाही असं स्पष्ट लिहा. वाईट वाटेल, वाटू दे. निदान ते माणूस दुपारी एकपर्यंत रस्त्याकडे बघत बसणार नाही. हे तुम्ही माझ्यासारख्याच कुणाच्या तरी काचेवर वाचाल, खाली बदाम टाकाल आणि पुढं सरकाल, तेही मला माहीत आहे.