चोवीस मीटरचा दांडा

फ्रान्सच्या नैऋत्येला, आमच्या गास्कनीतल्या गावात आठ शेतकऱ्यांनी मिळून यंत्रं घेतली आहेत. नांगर, पेरणीयंत्र, फवारणीयंत्र, सगळं सामाईक. सामाईक म्हणजे हवं तेव्हा सगळ्यांचं आणि बिघडलं की कुणाचंच नाही. या मंडळाचा अध्यक्ष फिरमँ द्युपुई. त्याच्यापाशी सर्वांत जास्त गाई आहेत आणि आवाजही सर्वांत मोठा आहे. आमच्याकडे एवढ्यावर माणूस अध्यक्ष होतो.

जुलै लागता लागता फवारणीयंत्राचा दांडा, दोन्ही बाजूंना पसरून औषध फवारणारा, मोडला, म्हणून बैठक बोलावली. जुना दांडा चोवीस मीटरचा होता. नवा छत्तीसचा घ्यायचा, हे फिरमँ घरूनच ठरवून आला होता. आम्ही फक्त हात वर करायचे.

अडचण एकच, आणि ती दुसऱ्या रांगेत बसली होती. ओदिल कास्तेरा. चौदा वर्षांपूर्वी तिनं आपल्या गव्हात झाडांच्या ओळी लावल्या. एक अक्रोड, एक फ्रेन, पुन्हा अक्रोड. फ्रेन म्हणजे बांधावरचं झाड, त्याच्या पाल्यावर गाई तुटून पडतात. दोन ओळींत अंतर किती, तर चोवीसचा दांडा सुखानं जाईल इतकं. वनशेती प्रकल्पाचे साहेब तेव्हा सांगून गेले होते, आधी यंत्र मोजा, मग खड्डे घ्या. काय अक्कल आहे. झाड पन्नास वर्षं उभं राहणार, यंत्र पंधरा वर्षांत भंगारात जाणार, आणि माप घ्यायचं ते यंत्राचं. साहेब माप देऊन गेले, फोटो काढून गेले, बढती घेऊन गेले. झाडं ओदिलच्या गळ्यात.

छत्तीसचा दांडा तिच्या ओळींत शिरत नाही. दुमडला तर अठराचा होतो, म्हणजे उभ्या गव्हातून चाकं दोनदा फिरवायची. एकटीनं यंत्र घेण्याची तिची ऐपत नाही. छत्तीसला मतं पडली की झाडांना करवत लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

प्रकल्पाचा नवा साहेब, तिबो, तक्ते दाखवायला पडदा लावून तयार होता. पोरगा सज्जन होता, पण सज्जनपणानं मतं मिळत नाहीत.

"चाळीस वर्षांनी अक्रोडाच्या लाकडाला..." त्यानं सुरुवात केली.

"चाळीस वर्षांनी मी कुठे असेन तेही दाखवा की पडद्यावर," फिरमँ म्हणाला.

"चर्चच्या मागे," आठांपैकीच एक, ज्युस्तँ, पलीकडून म्हणाला. "तिथे सावली चांगली आहे."

सगळे हसले. तिबो बिचारा पाखरांकडे वळला, मग हवेतल्या कर्बाकडे, मग गांडुळांकडे. गांडुळांना आमच्या मंडळात मत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ओदिल, राग मानू नकोस," फिरमँ मऊ आवाजात म्हणाला. तो मऊ बोलायला लागला की खिसा सांभाळावा. "झाडं छान आहेत तुझी. लग्नाचे फोटो काढायला एक नंबर. पण आपण शेतकरी आहोत. जे पिकत नाही ते काढावं."

ओदिल उठली नाही. बसल्याजागीच म्हणाली, "काल माझ्या अंगणात ट्रॉली लावून कोण उभं होतं रे?"

फिरमँ कागद सारखे करायला लागला.

ईस्टरपासून पाऊस नव्हता. कुरणं चटईसारखी वाळली होती, अख्ख्या मुलखात पेंढीभर गवत विकत मिळत नव्हतं. हिरवा पाला उरला होता तो फक्त ओदिलच्या फ्रेनवर. मागच्या उन्हाळ्यात याच मंडळींनी तो ट्रॉल्या भरभरून नेला होता, फुकट. शेजारधर्म म्हणे. शेजारधर्म यांना जनावर उपाशी राहिलं की आठवतो.

"मतं घ्या," ओदिल म्हणाली. "झाडं पाडायची तर याच आठवड्यात पाडते. पाला जागेवर सुकेल. पण ठेवायची असतील तर यापुढे पाला फुकट नाही. ट्रॉलीचा भाव आत्ता इथे ठरवा. तुम्हीच ठरवा, मी बोलत नाही."

"पाल्याला कसला भाव?" फिरमँ म्हणाला.

"तीस युरो," ज्युस्तँ म्हणाला.

फिरमँनं मान गर्रकन वळवली. "तुझ्या गाई आहेत किती रे, मधे बोलायला?"

"बारा. आणि बाराही उपाशी आहेत."

"मग माझे पस्तीस."

"चाळीस. आणि वाहतूक माझी."

पाच मिनिटांपूर्वी झाडांवर हसणारी ही माणसं आता पाल्यावरून एकमेकांचे गळे धरायला निघाली होती. पंचेचाळीसवर फिरमँ थांबला, कारण शेजारी बसलेल्या बायकोनं टेबलाखालून लाथ मारली. तिबो हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. त्याच्या तक्त्यात लाकूड होतं, कर्ब होता, पन्नास वर्षं होती. उपाशी गाय नव्हती.

"आता मतं," ओदिल म्हणाली.

छत्तीसच्या बाजूनं एकही हात वर गेला नाही. फिरमँचाही नाही. घसा खाकरून तो म्हणाला, "आपल्या उतारांवर छत्तीसचा दांडा जमिनीला घासतो. मी पहिल्यापासून म्हणतोय, चोवीसच बरा."

खोटं सामाईक असलं की आमच्याकडे ते कुणी मोडत नाही.

माणसं उठून बाहेर मांडलेल्या वाइनच्या बाटल्यांकडे निघाली, तशी ओदिल दारात आडवी उभी राहिली.

"उद्या ट्रॉल्या घेऊन या. करवत कुणी आणायची नाही. मागच्या वर्षी तुम्ही फांद्या तोडल्या नाहीत, दातांनी चावल्यासारख्या ओरबाडल्यात. दोन झाडं वाळली माझी."

"मग वर चढणार कोण?" फिरमँनं विचारलं.

"मी. तुम्ही खाली उभं राहायचं आणि पडेल ते उचलायचं."

"बरं," फिरमँ म्हणाला, आणि टोपी घेऊन तिच्या बाजूनं वाकून बाहेर पडला.