भानामतीचा आळ

औत धरताना बद्रीनाथचे हात पहिल्यांदा उडायला लागले, तेव्हा लोक हसले. मग मान हिसके द्यायला लागली, पाय वाकडेतिकडे पडायला लागले, तेव्हा हसणं थांबलं. पुढे त्याला घास तोंडापर्यंत नेता येईना. रागाच्या भरात तो बायकोवर, द्वारकाबाईवर, तांब्या फेकी आणि घटकेत विसरून जाई. राजूरच्या गणपतीला नवस झाले, अंगारे लावून झाले. गुण येईना, तसा गावानं दोषी शोधला.

"हिनंच भानामती केली," सासू तुळजाबाई पाणवठ्यावर सांगे. "माझा लेक सोन्यासारखा होता."

द्वारकाबाईच्या हातचं पाणी बायका घेईनाशा झाल्या. रखमाजी पाटलानं तिला चावडीपुढे उभी केली आणि नवऱ्यावरची करणी काढून घे म्हणून दरडावलं. तिनं काय काढून घ्यायचं?

शेवटी भावाच्या बैलगाडीत नवऱ्याला घालून ती जालन्याला निजाम सरकारच्या दवाखान्यात गेली. तुळजाबाईही गाडीत बसली, सुनेवर नजर ठेवायला. हैदराबादेत शिकलेले डॉक्टर गयासोद्दीन तिथे होते. त्यांनी बद्रीनाथला दाखल करून घेतलं, पण छातीत कफ भरून तो आठवड्यातच गेला.

"बाई, हा मेंदूचा आजार असावा," डॉक्टर म्हणाले. "पण डोकं उघडून पाहिल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही."

तुळजाबाईनं ऊर बडवला. "मढ्याची चिरफाड? बिलकुल न्हाई!"

"पाहा, साहेब," द्वारकाबाई म्हणाली. "आत काय हाये ते एकदाचं कळू द्या."

दुपारी डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "मेंदू सुकून लहान झालाय. हातापायांना लगाम घालणारा भाग आत खोलवर असतो, तो जवळजवळ उरलाच नाही. हे कुणी केलेलं नाही, बाई. हे रक्तातून येतं. याचे वडील कशानं गेले?"

सासरा विहिरीत पाय घसरून पडला, असं द्वारकाबाईला सांगण्यात आलं होतं. तिनं सासूकडे पाहिलं. तुळजाबाई पदर चावायला लागली.

"त्यायचेबी हात असेच नाचायचे," ती शेवटी म्हणाली. "पाय न्हाई घसरला. उडी घेतली त्यायनं."

"तुम्हाला ठावं होतं, आत्याबाई? अन् तरी माझ्यावर आळ घेतला?"

आपल्या लेकरांचं काय, असं द्वारकाबाईनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी नजर खाली वळवली. "येईल किंवा येणार नाही. आज कुणालाच सांगता येणार नाही."

गावात परतल्यावर तिनं चावडीवर उभं राहून सगळं सांगितलं. भावानं साक्ष दिली. पाटलाला मान खाली घालावी लागली. बायका पुन्हा तिच्याजवळ बसायला लागल्या, आणि किती वर्षांनी तिला माणसात आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात पिंपळगाव रेणुकाईहून निरोप आला. तिथे तिच्या लेकीची, पुष्पाची, सोयरीक ठरलेली होती. "रक्तातच हाये म्हणत्यात," मध्यस्थ म्हणाला. "ते दुसरी पोरगी बघून राह्यले."

पुष्पा रडली नाही. "तू गप का न्हाई बसलीस, माय? तुझ्यावरचं गेलं अन् माझ्यावर आलं."

"मी गप बसले, म्हणून तू या घरात आलीस," कोपऱ्यातून तुळजाबाई सुनेला म्हणाली. द्वारकाबाईनं चुलीत फुंकर घातली. सासूला शिव्या द्याव्यात असं मनात फार आलं, पण तिनं लाकूड आत सारलं.

पुढच्या साली अंबडकडून स्थळ आलं. लांबचे लोक, त्यांना काही माहीत नव्हतं. मुलाच्या आईनं गूळपाणी घेता घेता सहज विचारलं, "पोरीचे वडील कशानं गेले, विहीणबाई?"

तुळजाबाई सुपारी कातरायची थांबली. आतल्या दारापाशी पुष्पा उभी होती.

"तापानं," द्वारकाबाई म्हणाली. "चांगले धडधाकट होते. जल्दीच गेले."

पाहुण्यांनी हळहळून मान हलवली आणि पसंती सांगितली. मुलगा लाजून हसला. सरळ पोरगा वाटत होता, पण द्वारकाबाईला त्याच्याकडे वर तोंड करून बघता आलं नाही.