सुट्टीपुरते स्वयंपाकघर

मी एक जुने स्वयंपाकघर आहे. खोली नव्हे हं, मित्रांनो! मी म्हणजे लाकडी कपाटे, ओटा, सिंक आणि शेगडी. जर्मनीत घर भाड्याने घेतले की बरेचदा आत नुसत्या भिंती मिळतात. स्वयंपाकघर ज्याचे त्याने आणायचे.

हायडेलबर्गपासून दूर, डोंगरातल्या एका खेड्यात तिथल्याच सुताराने मला घडवले. पहिले भाडेकरू शहरात गेले आणि मला मागे ठेवून गेले. तेव्हा या गावात राहायला कोणी येत नसे. घरमालकीणबाई, फ्राउ हेलविग, रिकाम्या घरात येऊन उसासे टाकत.

मग शहरातले भाडे परवडेना म्हणून ऊर्मिला, तिचा नवरा रुपेश आणि चिमुरडी रीना इथे आली. पहिली खमंग फोडणी पडली, तशा फ्राउ हेलविग ठसकत ठसकत दाराशी आल्या. ऊर्मिला ओशाळली. पण त्या म्हणाल्या, "मला चाखायला नाही देणार?" त्या दिवशी त्यांनी दोन थालीपिठे खाल्ली! पुढे माझ्या ओट्याशी त्यांची खुर्ची ठरूनच गेली. रुपेशने माझे अडकणारे ड्रॉवर दुरुस्त केले. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे फ्राउ हेलविग वारल्या आणि ड्युसेलडॉर्फला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने घर विकायला काढले. एव्हाना शहरातली माणसे घरून काम करू लागली होती. त्यांना अशी खेडी आवडू लागली होती. घर आपणच घ्यावे म्हणून रुपेशने कर्जासाठी बँकेत खेटे घातले. एका संध्याकाळी तो ओट्याला टेकून म्हणाला, "अगं, आपण हो म्हणेपर्यंत किंमत पुढे पळते."

घर शहरातल्या लाइडनर दांपत्याने घेतले. "आम्हाला ते स्वतःसाठी हवंय," हेर लाइडनर अगदी सौम्यपणे म्हणाले. मालकाला स्वतःला राहायचे असेल, तर भाडेकरूला निघावे लागते.

"म्युसेन व्हिअर वेक?" आपल्याला जावं लागणार का, असे रीनाने जर्मनमध्ये विचारले.

ऊर्मिला कणीक तिंबतच राहिली. "अहो, सांगा ना तिला काहीतरी."

"बघू... बघू या," रुपेश म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

मी काय करणार? मला तर हुंदकाही देता येत नाही.

त्यांनी गावात शोधले, शेजारच्या गावांत शोधले. घर बघायला गेले की दारापासून रस्त्यापर्यंत रांग. शेवटी बरेच लांब दोन खोल्या मिळाल्या. तिथे स्वयंपाकघर आधीच होते. मला न्यायला जागा नव्हती. ऊर्मिलाने फळ्या रिकाम्या केल्या, पण मधल्या फळीवरचा हळदीचा डाग काही निघाला नाही.

लाइडनर मंडळी आली, ती सुट्टीपुरती. कॉफी करतात, जेवायला बाहेर जातात. एरवी खिडक्या बंद. गल्लीतली आणखी दोन घरे अशीच विकली गेली. गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीनेही दार लावले.

परवा फ्राउ लाइडनर पाहुण्यांना कौतुकाने सांगत होत्या, "किती शांत गाव आहे, नाही?"

मित्रांनो, ही शांतता कुणाकुणाला उठवून आली आहे, ते मला ठाऊक आहे. मोठे व्हाल, घर घ्याल, तेव्हा त्यात राहा. राहणार नसाल, तर निदान राहत्या माणसांना उठवू नका.