शनिवारच्या वर्गाचं छत

नातवाचा ताप उतरला तशी मी लेकीच्या घरून निघाले आणि शनिवारी सकाळी बसमधून उतरून थेट कॉलेजात आले. पिशवी अजून खांद्यालाच होती. फाटकाशी वॉचमनकाका उभे होते. एरवी नुसती मान हलवणारा माणूस, आज ओठ दाबून हसत होता.

"काय झालं हो काका?"

"मला काही विचारू नका बाई. पोरांनी शपथ घातलीय."

मी हॉलचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकले. क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच इमारतीत शिरले की काय.

भिंती पांढऱ्याफेक. ओलीचा एक डाग नाही. खिडकीची फुटकी काच बदललेली, गळका नळ बदललेला, सगळे दिवे लखलखत होते. आणि वर, जिथे काळ्या पडलेल्या फळ्या पोट काढून लोंबत असायच्या, तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सपाट, गुळगुळीत छत. त्याच्याखाली आमची सगळी मुलं-मुली रांगेत उभी. कुणाच्या केसांत रंग, कुणाच्या नाकावर चुना. रात्र-रात्र जागल्यामुळे डोळे तारवटलेले, पण तोंडं अशी फुललेली, की काय सांगू.

"कसं वाटलं, बाई?" सगळी एकदम ओरडली.

मी मटकन बाकावर बसले.

"बघा, बाईंना आनंदाने बोलवेना," फ्यूज म्हणाला. हा विजेच्या वर्गातला मुलगा. पहिल्याच आठवड्यात त्याने अख्ख्या कॉलेजचे दिवे घालवले होते, तेव्हापासून त्याचं खरं नाव कुणी घेत नाही.

मला आनंद झाला नव्हता. मला घाम फुटला होता.

ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली, त्यांना इथे हाताचं काम शिकवतात. गवंडीकाम, वीज, नळजोडणी, रंगकाम. मी जन्मभर लहान मुलांना शिकवलं. निवृत्त झाल्यावर इथे आले आणि या मोठ्या मुलांना एका कामाला लावलं. आसपासच्या शाळांत जी पोरं वाचनात मागे पडतात, त्यांना दर शनिवारी या हॉलमध्ये बोलवायचं आणि आमच्या एकेका विद्यार्थ्याने दोन-दोन पोरं घेऊन बसायचं. पगार नाही, मार्क नाहीत. तरी कुणी दांडी मारत नाही. जो स्वतः वाचताना अडखळलेला असतो, त्याला पोर नेमकं कुठे अडलंय ते चटकन कळतं. पुढे सरकण्याची घाई तो करत नाही.

पण हॉल मोडकळीला आला होता. खात्याकडे धोकादायक इमारतींच्या दुरुस्तीसाठी निधी असतो, त्यासाठी आम्ही अर्ज केला होता. आज अधिकारीबाई पाहणीला येणार होत्या. निधी मिळाला तर हॉल राहणार, नाही मिळाला तर वर्षअखेरीला जागा विकायची, असं वरून ठरलं होतं. हॉल गेला की शनिवारचा वर्गही गेला. एवढी पोरं बसवायला दुसरी खोलीच नाही.

म्हणून प्राचार्यांनी आम्हा शिक्षकांना बोलावून बजावलं होतं, "कशालाही हात लावायचा नाही. कोळ्याचं जाळंसुद्धा राहू द्या. ओल दिसू दे, भेगा दिसू देत." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. विद्यार्थ्यांना हे सांगावं, असं एकालाही सुचलं नाही. प्राचार्य खात्यात खेटे घालत राहिले, मी लेकीकडे गेले, आणि विद्यार्थ्यांनी वॉचमनकाकांकडून किल्ली मिळवली.

"पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायला नको?" रांगेतून पुढे येत ओळंबा म्हणाली. ही गवंडीकामाची. काटकुळी, सरळसोट, आणि कुठेही भिंत दिसली की एक डोळा मिटून ती सरळ आहे का बघणारी, म्हणून गवंड्याच्या भिंत तपासायच्या दोरीचं नाव तिला पडलं. "छत मी केलंय, बाई. पीओपीच्या पाट्या स्टोअरमध्ये पडून होत्या. आमच्या वर्गात नेहमी काय होतं, भिंत बांधायची, मार्क घ्यायचे आणि परत फोडून विटा मोकळ्या करायच्या, पुढच्या बॅचला हव्यात म्हणून. माझ्या हातची एक वस्तू कुठे उभी नाही. हे राहील."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

प्राचार्य अधिकारीबाईंना घेऊन आत आले. चालता चालता ते बोलत होते, "मॅडम, जरा जपून हं, वरून कधी काय पडेल सांगता येत नाही..." आणि त्यांचं वाक्य तिथेच गळालं. ते छताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. बिचाऱ्यांचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला होता.

अधिकारीबाई हॉलच्या मधोमध गेल्या. चष्मा वर करून छत पाहिलं, भिंतीवर हात फिरवला.

"प्राचार्य, थट्टा करता का माझी?"

"नाही हो मॅडम, अहो, परवापर्यंत इथे... आमच्याकडे फोटो आहेत."

"फोटो मी बघत नाही. मागे एकाच गळक्या छताचा फोटो तीन कॉलेजांनी पाठवला होता."

"मॅडम, आम्ही केलं हे," फ्यूज छाती काढून म्हणाला. "कुणाकडून एक पै घेतली नाही."

अधिकारीबाई त्याच्याकडे वळल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "फार सुंदर केलंय, बाळांनो. मी खोटं बोलत नाही. अशी कामसू मुलं मी पाहिली नाहीत." मग त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "पण माझ्याकडे रांग लागलीय हो. एका कॉलेजात मुलं वर्गात छत्र्या उघडून बसतात. त्यांना सोडून मी या हॉलला पैसे देऊ? तुमचं तर फुकटात भागलंय."

"म्हणजे?" ओळंबाने विचारलं.

एकेकाच्या लक्षात येत गेलं तसं त्या रांगेतलं हसू विझत गेलं. फ्यूजची काढलेली छाती आत गेली. ओळंबा छताकडे बघत राहिली. लहान मुलाने हौसेने चित्र काढून आणावं आणि ते आपल्याच वडिलांच्या कामाच्या कागदावर काढलंय हे त्याला नंतर कळावं, तसं झालं होतं.

"निदान लहान पोरांचा शनिवारचा वर्ग तरी बघून जा," मी म्हणाले. "पोरं आली असतील. बोलावते." मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी व्हरांड्यात गेले.

पोरं आली होती. आणि ती माझ्या अक्षरांच्या तक्त्यांभोवती गोळा झाली होती. तक्ते खांबाला टांगलेले होते आणि तो खांब व्हरांड्याच्या भिंतीला तिरका टेकवून ठेवला होता.

तो खांब बाहेर कसा?

दोन वर्षांपूर्वी एका इंजिनिअरने येऊन हॉलच्या मधल्या तुळईखाली एक लोखंडी टेकू उभा केला होता. पोरं त्या गंजक्या लोखंडाला बिचकायची, म्हणून मीच त्याला रंगीत कागद गुंडाळला, अक्षरांचे तक्ते लटकवले. हळूहळू सगळे त्याला बाईंचा तक्त्यांचा खांब म्हणायला लागले. जुने विद्यार्थी शिकून गेले, नवे आले.

मी पळतच आत गेले. या वयात मी पळते हे बघूनच प्राचार्य दचकले.

"हा खांब कुणी काढला?"

"आम्हीच, बाई," ओळंबा म्हणाली. "तुमचा तक्त्यांचा खांब ना? मधे अडचण होत होती. जाम घट्ट बसवला होता कुणीतरी, दोघं लटकले तेव्हा निघाला. व्हरांड्यात पोरांना उजेडात दिसेल म्हणून..." ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"बाहेर," मी म्हणाले. "सगळे बाहेर. आत्ताच्या आत्ता. मॅडम, तुम्हीसुद्धा."

अधिकारीबाई जागच्या हलल्या नाहीत. "हे बघा बाई, मी तुमच्या वयाचा मान राखते, पण निधीसाठी नाटकं करू नका."

तेवढ्यात ओळंबाने अधिकारीबाईंचा दंड धरला आणि त्यांना अक्षरशः ओढत दाराबाहेर आणलं. मागोमाग बाकीचे आले. तिला सगळं कळलं होतं.

"तो टेकू होता?" तिने मला हळूच विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

अधिकारीबाई साडी झटकत होत्या. "हे काय चाललंय? वर काही दिसत तर नाहीये!"

"दिसत नाहीये, कारण मी झाकलंय," ओळंबा म्हणाली. तिने रंगाऱ्यांचा लांब बांबू उचलला, त्याच्या टोकाला हूक होता. "बाई, मी आत जात नाही. इथूनच, चौकटीत उभी राहते. भिंत जाड आहे."

ती भिंतीच्या जाडीत उभी राहिली. बांबू वर नेला, दाराजवळच्या पाटीच्या सांध्यात हूक घातला. आणि थांबली. सांधा इतका बेमालूम भरला होता, की तो कुठे आहे हे तिच्याखेरीज कुणाला सापडलं नसतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने डोळे मिटून हिसडा मारला.

पाटी तुटून खाली आली. धुरळा उडाला. तिने दुसरी ओढली, तिसरी ओढली. फ्यूजने बॅटरी लावली.

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.

तुळई खराब आहे हे मला माहीत होतं. ती इतकी खराब आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. वाळवीने आतून सगळी खाऊन टाकली होती. लांबीभर चिरलेली, आणि चीर अशी रुंद, की तीत माझा पंजा मावला असता. कडा ताज्या, पिवळ्या. म्हणजे ही चीर टेकू काढल्यावर वाढली होती. टोक भिंतीवर नुसतं टेकलेलं. आणि त्या चिरेतून पीठ चाळावं तसा भुसा खाली सांडत होता. थांबत नव्हता. जिथे सांडत होता, तिथेच थोड्या वेळापूर्वी अधिकारीबाई चष्मा वर करून उभ्या होत्या.

अधिकारीबाई व्हरांड्यातल्या पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या. काकांनी पाणी आणून दिलं.

"कुलूप लावा," त्या म्हणाल्या. "आजपासून आत कुणी जायचं नाही. निधीचं... निधीचं मी बघते. हॉल विकू देत नाही." मग त्यांनी ओळंबाकडे पाहिलं. "तुमचे गवंडीकामाचे मास्तर कुठे आहेत? त्यांनी कसं करू दिलं हे?"

"मास्तर नाहीत, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "गेल्या सत्रात सोडून गेले. जागा भरायला पैसे नाहीत."

"मग यांना शिकवतं कोण?"

"आम्हीच एकमेकांना," ओळंबा म्हणाली. "जुन्या बॅचचं बघून. गिलावा येतो, छत येतं. तुळईपर्यंत मास्तर पोचलेच नव्हते."

अधिकारीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मघाशी तुळईकडे बघितलं होतं तशाच.

"आणि मास्तरांसाठीचा निधी?" मी विचारलं.

"माझ्याकडे इमारतींचा असतो, बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माणसांचा माझ्याकडे नाही. तो कुणाकडे आहे, तेही मला सांगता येणार नाही."

प्राचार्यांना हसावं की रडावं कळेना. हॉल वाचला होता. त्यांनी कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं.

मी मुलांना म्हणाले, "चला, पोरं खोळंबलीत. आज अंगणात बसू." ती यंत्रासारखी पोरांना घेऊन अंगणात पांगली. ओळंबा तिथेच उभी. तिच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती. तिची भाची भिंगरी आमच्याच वर्गात येते. ती मावशीच्या ओढणीचा शेव धरून ओढत होती.

"बाई," ओळंबा म्हणाली. "काल संध्याकाळी छत वाळलं का बघायला आले होते. भिंगरीला घेऊन आले होते. तिला म्हटलं, उताणी झोप आणि सांग, आकाशासारखं दिसतंय का. मधोमध झोपवलं तिला. किती तरी वेळ."

मी तिचा हात धरला.

"मावशी, चल ना," भिंगरी म्हणाली. "आपलं पान राहिलंय."

आम्ही तिघी अंगणात बसलो. ओळंबाने पुस्तक मांडीवर उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं, तोंड उघडलं. पण आवाज निघेना. भिंगरीने थोडी वाट पाहिली, मावशीकडे पाहिलं, मग स्वतःच एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागली.